जुन्या जमिनीतलं पीक

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण म्हणाल तर बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. तेव्हा हा गृहस्थ संगणकावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटलं तर त्यात वावगं काही नाही. पण आज ज्या भांडणाची गोष्ट मी सांगणार आहे, ते आम्हा कवींच्या चांगल्या ओळखीचं आहे. 'यात नवीन काय आहे?' एवढाच त्यातला मुद्दा.

माझा भाचा संगणक दुरुस्तीचं काम करतो. माझा जुना संगणक रडतखडत चालायला लागला तेव्हा त्यानं त्यावर लिनक्स घालून दिलं. एक पैसा खर्च नाही. मी विचारलं, "हे काही नवीन निघालंय का रे?" तो म्हणाला, "नवीन कसलं मामू! हे बाळसं धरायच्या आतच एका मोठ्या प्रोफेसरांनी याला जुनाट ठरवलं होतं." "मग घातलंस कशाला?" "चालतं म्हणून." हे उत्तर मला पटलंही आणि पटलं नाहीही. मग त्या प्रोफेसरांची हकिगत शोधून वाचणं आलंच.

आधी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय ते माझ्या भाषेत सांगतो. एसटी स्टँडवर कंट्रोलरची केबिन असते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लावायची, कोण आधी सुटणार, कोण थांबणार, हे तिथं ठरतं. प्रवाशाला कंट्रोलर दिसत नाही, पण तो नसेल तर स्टँडवर नुसता गोंधळ. संगणकातली मेमरी, डिस्क, की-बोर्ड आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांची अशीच व्यवस्था लावते ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात.

आता इतिहास. १९६० च्या दशकात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स या तिघांनी मिळून मल्टिक्स नावाची अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिम उभारायला घेतली. काम लांबत गेलं आणि १९६९ मध्ये बेल लॅब्स बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्पसननं त्याच वर्षी एक आटोपशीर सिस्टिम लिहायला सुरुवात केली. डेनिस रिची त्याच्या जोडीला होता. मल्टिक्समधल्या कामाच्या कल्पना त्यांनी ठेवल्या, पसारा टाकला. नावसुद्धा मल्टिक्सची चेष्टा करणारं ठेवलं, 'मल्टि'च्या जागी 'युनि'. तेच युनिक्स. म्हणजे पुढं ज्याला सगळं जग अस्सल मानू लागलं, तेही कुणाच्या तरी वाफ्यातलं रोप होतं.

युनिक्स विद्यापीठांतून पसरलं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, मुलं वाचत आणि शिकत. पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली तेव्हा मालक कंपनी एटी अँड टीनं परवान्यात अट घातली की हा मजकूर वर्गात शिकवायचा नाही. अॅमस्टरडॅममध्ये शिकवणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांची त्यामुळे पंचाईत झाली. कविता न वाचता कविता शिकवा, असं सांगण्यासारखंच झालं ते! या प्राध्यापकानं मग काय करावं? संध्याकाळी घरी बसून स्वतःच एक छोटं युनिक्स लिहून काढलं. बाहेरून युनिक्ससारखं, आतून एकही ओळ एटी अँड टीची नाही. त्याचं नाव मिनिक्स. १९८७ मध्ये त्यांचं पाठ्यपुस्तक आलं, त्यात मिनिक्सचा कोड छापलेला होता.

हे पुस्तक हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडलं. १९९१ च्या जानेवारीत त्यानं इंटेल ३८६ चिप असलेला संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स चढवलं. त्यातल्या काही गोष्टी त्याला अपुऱ्या वाटल्या. लोक मिनिक्समध्ये भर घालायला सांगत, पण टॅनेनबॉम नकार देत. एका सत्रात शिकवून संपेल एवढंच ते असावं, असं त्यांचं म्हणणं. शिक्षक म्हणून ते रास्तच होतं. लिनस स्वतःचं काही लिहू लागला. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्यानं मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवलं की आपण हौसेखातर एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, ती काही फार मोठी होणार नाही. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती निघाली. सुमारे दहा हजार ओळींची. तो तेव्हा २१ वर्षांचा होता.

चारपाच महिन्यांनी, २९ जानेवारी १९९२ रोजी, टॅनेनबॉम यांनी जाहीरपणे लिहिलं की लिनक्स जुनाट आहे. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन.

पहिला आक्षेप रचनेचा. पुन्हा एसटी स्टँडवर चला. एक पद्धत अशी की फलाट, डिझेल, आरक्षण, घोषणा, सगळं एकाच मोठ्या केबिनमध्ये. कामं झटपट होतात, पण तिथं एकानं घोळ घातला की अख्खा स्टँड ठप्प. दुसरी पद्धत अशी की कंट्रोलरकडं अगदी मोजकं काम, बाकीचे कारकून वेगवेगळ्या खोल्यांत, आणि एकमेकांना चिठ्ठ्या पाठवून व्यवहार. एक कारकून आडवा झाला तरी बाकीचे चालू राहतात, मात्र चिठ्ठ्या पोचवण्यात वेळ जातो. या दुसऱ्या रचनेला मायक्रोकर्नल म्हणतात. मिनिक्स तसं होतं, लिनक्स पहिल्या पद्धतीचं. १९९१ साली असं लिहिणं म्हणजे सत्तरच्या दशकात परत जाणं, असं प्राध्यापकांचं मत. तू माझा विद्यार्थी असतास तर तुला फारसे गुण मिळाले नसते, असंही त्यांनी सुनावलं. दुसरा आक्षेप असा की लिनक्स एकाच चिपला जखडलेलं आहे, आणि त्या जातीच्या चिपा आता फार दिवस टिकायच्या नाहीत.

पोरगं तापलं. त्यानं मिनिक्सचे दोष काढले, बोलू नये ते बोलला, आणि पुढं माफीही मागितली. पण एक गोष्ट त्यानं प्रांजळपणे कबूल केली. सिद्धांत म्हणून मायक्रोकर्नलच सरस, हे त्याला मान्य होतं. त्याचं सांगणं इतकंच की माझं आज चालतंय आणि लोकांना मिळतंय.

इथं मला माझ्या घरची गोष्ट सांगू द्या. गझलेत वृत्त, काफिया आणि रदीफ मिळून जे ठरतं त्याला आम्ही 'जमीन' म्हणतो. तरही मुशायऱ्यात एक ओळ दिली जाते आणि सगळ्यांना त्याच जमिनीत गझल लिहावी लागते. जमीन एकाची, पीक दहाजणांचं. त्यात कुणी कुणाला चोर म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी एक तरुण तालुक्याच्या गावाहून गझलांची वही घेऊन माझ्याकडं आला होता. मी चार पानं चाळली आणि म्हणालो, "जमीन जुनी आहे बाळा, नवीन काही दिसत नाही." त्यानं वही मिटली, चहा घेतला आणि गेला. तो पुन्हा आला नाही.

टॅनेनबॉम यांचं वाचताना मला तो आठवत राहिला. कारण आक्षेप त्यांचाही खराच होता. लिनक्समध्ये नवी कल्पना शोधून सापडत नाही. आज्ञा युनिक्सच्या. कोड चालवण्यासाठी लागणारी अवजारं रिचर्ड स्टॉलमननं १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाची. १९९२ च्या सुरुवातीला लिनसनं जो परवाना स्वीकारला तोही स्टॉलमनचा. वाचा, बदला, वाटा, फक्त पुढच्यालाही तेवढीच मोकळीक द्या, असा तो परवाना. मग नवीन काय होतं? वेगवेगळ्या गावांचे, तोंडही न पाहिलेले लोक चुका दुरुस्त करून पाठवत, आणि हा पोरगा त्या घेत राहिला. शिक्षकानं दार लावलं होतं ते शिकवण्याच्या सोयीसाठी. यानं ते उघडं ठेवलं. १४ मार्च १९९४ रोजी १.० ही आवृत्ती आली तेव्हा दहा हजार ओळींच्या जवळपास पावणेदोन लाख झाल्या होत्या.

भविष्य मात्र दोघांचंही चुकलं. इंटेलच्या चिपा संपल्या नाहीत. आणि जे एकाच यंत्रावर चालेल असं खुद्द कर्त्याला वाटत होतं, ते २००८ मध्ये आलेल्या अँड्रॉइड फोनांच्या गाभ्यात बसलं. तुमच्या खिशात अँड्रॉइड फोन असेल तर ही जुनाट वस्तू तुमच्याजवळही आहे.

या गोष्टीतला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग २००४ सालचा. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीनं आयबीएमवर दावा लावला होता, की आमच्या मालकीचं युनिक्स लिनक्समध्ये गेलं आहे. (पुढं २०१० मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीनं ठरवलं की युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडं नव्हतेच, ते नॉव्हेल कंपनीकडं होते.) तशात एका अमेरिकी संस्थेचे अध्यक्ष अॅमस्टरडॅमला टॅनेनबॉम यांना भेटले. एकटा विद्यार्थी एवढं लिहूच कसं शकेल, ते मिनिक्सवरून उचललेलं असणार, असा त्यांचा रोख होता. बारा वर्षांपूर्वीचं भांडण लक्षात घेता, प्राध्यापकांना उट्टं काढायची ही आयती संधी. त्यांनी काय केलं? जाहीर लिहिलं की लिनसनं माझा कोड घेतलेला नाही, कर्नल त्याचं स्वतःचं आहे, आणि एकट्यानं असं लिहिणारे त्याच्या आधीही होऊन गेलेत. आणि हेही बजावलं की मायक्रोकर्नलच चांगलं, हे माझं मत अजून कायम आहे.

जुनं म्हणणं वेगळं आणि चोरीचं म्हणणं वेगळं. हा फरक ऐन वेळी सांभळणं फार कमी टीकाकारांना जमतं.

योगायोग पाहा, २०१७ च्या नोव्हेंबरात दोन बातम्या आल्या. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालणारे निघाले. आणि इंटेलनं आपल्या चिपांच्या आत गुपचूप मिनिक्स बसवलं आहे हे उघड झाल्यावर टॅनेनबॉम यांनी कंपनीला जाहीर पत्र लिहिलं. ज्या चिपा टिकायच्या नाहीत असं ते म्हणाले होते, त्याच घराण्याच्या चिपांच्या पोटात त्यांचं मिनिक्स सुखानं नांदत होतं!

मराठीतही हा वाद झालेला आहे. माधव ज्युलियनांनी फारसीतून गझल आणली, सुरेश भटांनी ती घरोघरी पोचवली, आणि हे आपलं की उसनं हा प्रश्न दोघांच्याही वेळी निघाला. उत्तर वादानं मिळालं नाही, लिहिणाऱ्यांनी लिहून दिलं. आज माझ्या जुन्या संगणकावर मेनू मराठीत दिसतात. तेही कुणीतरी उघड्या दारातून आत येऊन केलेलं काम आहे.

त्या तरुणाला मी खोटं सांगितलं नव्हतं. जमीन जुनीच होती. पण पीक कसं आहे ते पाहायला चार पानं पुरत नाहीत, उरलेली वही वाचावी लागते. ती मी वाचली नाही. हे भाषण त्याच्या कानावर पडलं तर त्यानं वही घेऊन यावं. चहा पुन्हा होईल, आणि या वेळी मी शेवटच्या पानापर्यंत वाचीन.