माळावरची रुई : एक नाव, दोन झाडे



कोरेगावाहून साताऱ्याच्या बाजूला पाहिले म्हणजे जरंडेश्वराचा डोंगर दिसतो. हे मारुतीचे ठाणे. लोक सांगतात की, मारुतीराया द्रोणागिरी घेऊन चालला असता त्याचा एक तुकडा इथे पडला. आता मारुतीने सबंध डोंगरच का उचलला? तर हवी ती वनस्पती नेमकी कोणती, हे त्याला ओळखता येईना म्हणून. त्याच्या अंगी बळ होते, त्याचे निभावले. तुम्हांआम्हांला मात्र झाडच ओळखावे लागते.

याच मारुतीला शनिवारी ज्या पानांची माळ घालतात, त्या रुईची ओळख आज करून घेऊ. कोरेगावच्या माळावर, बांधाला, रस्त्याच्या कडेला हे झुडूप उभे असते. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून चरून उघड्या पडलेल्या रानातही ते टिकते. पाने जाड, देठ जवळजवळ नाहीच, आणि समोरासमोर जोडीने लागलेली. त्यांवर पांढरी लव असते. तिच्यामुळे भर उन्हात सारे झुडूप रुपेरी करडे दिसते. पान तोडले की दुधासारखा चीक येतो. इथपर्यंत कोणीही सांगेल. घोटाळा पुढे आहे. आपण ज्याला सरसकट रुई म्हणतो, ती झाडे एक नव्हेत, दोन आहेत.

आपल्या जुन्या वैद्यांनीही दोन सांगितली आहेत. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात पांढऱ्या फुलांचा अर्क वेगळा आणि तांबूस फुलांचा वेगळा असे धरले असून पांढऱ्याला मंदार हेही नाव दिले आहे. आपल्याकडे पांढऱ्या फुलांच्या रुईला मांदार म्हणतात, ते याच परंपरेतले. ही वाटणी रंगावरून झाली.

पुढे मलबारात डच अधिकारी व्हान ऱ्हीड याने तिथल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात बारा भागांत ॲमस्टरडॅमला छापून निघाला. त्या कामी इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य यांचे मोठे साहाय्य झाले. या तिघांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला ग्रंथात छापलेला आहे. रुई तिथे ‘एरिक्कु’ या मलबारी नावाने चित्रासह आली.

१७५३ साली स्वीडनच्या लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले, तेही अमेरिकेतल्या गवताळ मैदानांवर वाढणाऱ्या चिकाळ झाडांच्या वंशात घालून. १७८९ मध्ये लंडनजवळच्या क्यू बागेच्या विल्यम एटनने दुसरी रुई निराळी नोंदली. त्यानंतर रॉबर्ट ब्राऊनने कॅलोट्रोपिस हा स्वतंत्र वंश पाडला, आणि १८११ पासून एक ‘कॅलोट्रोपिस जायगँशिया’ व दुसरी ‘कॅलोट्रोपिस प्रोसेरा’ अशी नावे रूढ झाली. ही वाटणी फुलाच्या घडणीवरून झाली.

आता गंमत पाहा. वैद्यांच्या दोन रुया आणि शास्त्रज्ञांच्या दोन रुया सारख्या नाहीत. पहिल्या, थोराड रुईची फुले जांभळट असतात तशी शुभ्रही असतात. रंग बदलला तरी झाड तेच. तेव्हा रंग बाजूला ठेवून फुलाकडे पाहावे. पाकळ्या सपाट पसरलेल्या किंवा मागे वळलेल्या आणि कळी लांबट असेल, तर ती जायगँशिया. पाकळ्या वाटीसारख्या उभ्या, पांढऱ्या आणि टोकांशी जांभळ्या असतील, कळी गोलसर असेल, तर ती प्रोसेरा. ही दुसरी कोरड्या मुलखात जास्त. ती राजस्थानातून पार अरबस्तान आणि आफ्रिकेपर्यंत गेलेली आहे.

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. कारण असे की, पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती सापडतो या समजुतीने झाडे मुळासकट उपटली जातात, आणि बाजारात भलतेच मूळ भारी किमतीला गळ्यात मारले जाते. मूळ हाती आल्यावर फुलाची खूण उरत नाही. ओळख झाड उभे असतानाच व्हावी लागते.

दुसरे कारण मुलांचे. रुईचा चीक विषारी आहे. तो डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो, दिसणे अंधुक होते. तसे झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. ‘अमक्याने सांगितले’ म्हणून रुईचे कोणतेही औषध घरी करू नये.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी मुलांना एकदा माळावर न्यावे. पान तोडू नये, फांदी मोडू नये. फूल झाडावरच पाहावे, कळी पाहावी, पाकळ्यांची ठेवण वहीत काढावी. गावात किती झाडे पहिल्या जातीची आणि किती दुसऱ्या, हे मुलेच मोजतील. पुढच्या शनिवारी मारुतीच्या गळ्यातली माळ पाहून ती म्हणतील, पान रुईचे खरे, पण फूल पाहिल्याशिवाय कोणत्या रुईचे ते सांगणार नाही. एवढे म्हणता आले तरी पुष्कळ झाले.