ब्रह्मदेशाची पायवाट

ब्रह्मदेश म्हटला की मराठी माणसास मंडालेचा तुरुंग आठवतो. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात तेथे कारावास भोगला व 'गीतारहस्य' लिहिले. इकडे ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १९१६ साली रत्नागिरीस निवर्तला. एकाचा देश तो दुसऱ्याचा बंदिवास, असा तो काळ होता. दोन्ही देश तेव्हा एकाच कारभाराखाली होते. १ एप्रिल १९३७ रोजी ते विभक्त झाले आणि कालच्या प्रांतास सीमा आली.

त्या सीमेचा अर्थ सामान्य माणसास महायुद्धात कळला. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे रंगूनचे निम्म्याहून अधिक रहिवासी हिंदी होते. त्यांत हमाल होते, तसेच कारकून व व्यापारीही होते. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी रंगूनवर बाँब टाकले. ८ मार्च १९४२ रोजी शहर पडले. आगबोटींची वाट खुंटल्यावर लक्षावधी लोक पायीच निघाले. कोणी तौंगुपची खिंड ओलांडून आराकानमार्गे चितगावकडे वळले, कोणी तामूवरून इंफाळ-दिमापूरकडे. मागे राहिलेल्यांच्या वाट्यास हुकाँग खोऱ्यातील चिखल आला. पटकी, हिवताप व आमांश यांनी वाटसरूंस गाठले. त्यात मे महिन्यात पावसास आरंभ झाला.

खेदाची गोष्ट ही की, मृत्यू सोबत चालत असताही वर्णभेद सुटला नाही. गोऱ्यांस सोयीची वाट व काळ्यांस कष्टाची, ही तक्रार देशभर गाजली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ हिंदी जनांचे खाते तेव्हा यवतमाळच्या लोकनायक बापूजी अणे यांजकडे होते. त्यांनी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्यासह आसामकडे जाऊन पाहणी केली व हा भेदभाव उघडपणे मांडला. सत्तेत बसूनही सत्य बोलता येते, याचे हे उदाहरण होय.

चार लाखांहून अधिक माणसे हिंदुस्थानात पोहोचली, असा अंदाज आहे. वाटेत किती पडली याची मात्र निश्चित गणती कधीच झाली नाही. अंदाज दहा हजारांपासून पन्नास हजारांच्याही पलीकडे जातात. सेनापतींची चरित्रे लिहिली गेली. या वाटसरूंची नावेदेखील उरली नाहीत. यास्तव ज्या घरी रंगूनचे एखादे जुने पत्र वा छायाचित्र असेल, त्या घराने ते जपावे व त्यामागील हकिकत लिहून ठेवावी. ज्यांना कोणी मोजले नाही, त्यांचे एवढे ऋण तरी आपण फेडू शकतो.