संशयी मूळपुरुष

संगणकी पात्रांना भावना कुठून मिळाल्या, असं विचारलं की जाणकार १९८८ सालाकडे बोट दाखवतात. त्या वर्षी ऑर्टनी, क्लोर आणि कॉलिन्स यांनी भावनांचे २२ प्रकार मांडले. घटना आपल्या हेतूला पोषक की मारक, कुणाचं वागणं रास्त की निंद्य, वस्तू आवडती की नावडती, यावरून कोणती भावना उपजेल ते त्यात होतं. प्रोग्रामरांना आयता आराखडाच मिळाला. गंमत म्हणजे यंत्राला भावना व्हाव्यात हा त्या तिघांचा हेतूच नव्हता. माणसांच्या भावनांविषयी यंत्राला तर्क करता यावा, एवढंच त्यांना हवं होतं.

माझ्या लेखी मूळपुरुष निराळा, आणि तो रुग्ण होता. स्टॅनफर्डचे मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘पॅरी’ हा प्रोग्राम रचला. पॅरी म्हणजे अठ्ठावीस वर्षांचा, टपाल खात्यातला अविवाहित कारकून. घोड्यांच्या शर्यतींचा नादी. एका बुकीशी वाजलं, आणि आता माफिया आपल्या मागावर आहेत अशी त्याची पक्की खात्री.

त्याच्या पोटात तीन आकडे होते: भीती, राग, अविश्वास. बोलणं झोंबलं की ते चढत. साधं राहिलं की उतरत, पण एका वेगाने नव्हे. राग झटकन ओसरे, भीती त्याहून सावकाश, अविश्वास मात्र रेंगाळत राही. ही उतरण मला निर्णायक वाटते. १९८८च्या आराखड्यात भावना कशी उपजते ते आहे, कशी विरते ते जवळपास नाही. पुढच्या प्रणालींत आणि खेळांतल्या पात्रांत हा ओसरता आकडा हटकून दिसतो; तो पॅरीच्याच घरातून गेला, असं मी बेधडक म्हणतो.

कुणी म्हणेल, हर्बर्ट सायमन यांनी १९६७मध्येच भावनेला चालू काम थांबवणारा अडथळा म्हटलं होतं. खरं, पण तो सिद्धान्त होता, भांडता येईल असं पात्र नव्हे. एलायझा ही गप्पा मारणारी प्रणाली १९६६ची, तरी तिचा दावा टिकत नाही. दहा वेळा अपमान करा, तिच्या मनात काही साचत नाही. पॅरीचं उत्तर मात्र मागच्या बोलण्याच्या जखमेवर ठरे. संभाषणांचे कागद वाचून रुग्ण कोण, यंत्र कोण हे ओळखायला सांगितलेले मनोविकारतज्ज्ञ जवळपास निम्म्या वेळा चुकले. त्या गोंधळाचं श्रेयही मी ओसरत्या रागाला देतो.