मुंबईचा इस्रायल मोहल्ला

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघालेली मुंबईची लोकल गाडी पहिल्या ज्या स्थानकावर थांबते, त्याचें नांव मशीद. भोंवतालच्या बाजारांत मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती असल्यामुळें हें नांव एखाद्या इस्लामी प्रार्थनास्थानावरून पडलें असावें, असा तेथें उतरणाऱ्या प्रवाशाचा सहज समज होतो. परंतु मुंबईंत परंपरेनें जी हकीकत सांगतात, ती निराळी आहे. ही मशीद यहुदी लोकांची. स्थानकापासून थोड्याच अंतरावर सॅम्युएल स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे व त्याच्या लगतच्या वस्तीला इस्रायल मोहल्ला म्हणत आले आहेत. मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांनीं आपलें मुंबईंतील पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं येथें बांधलें; आणि हे लोक आपल्या मंदिराला मराठींत ‘मशीद’ असेंच म्हणत.

परमुलखांतून आलेलीं माणसें प्रथम एकमेकांच्या आधारानें एका गल्लींत राहतात, ही गोष्ट जगांत सर्वत्र दिसते. न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या दक्षिण भागांतून आलेल्या गरीब कुटुंबांची दाटी झाली व त्या भागाला ‘छोटी इटली’ हें नांव मिळालें. मराठवाड्यांत परभणीसारख्या गांवींहि मारवाडांतून व्यापारासाठीं आलेलीं घराणीं कांहीं पिढ्यांत मराठी बोलूं लागलीं. अशा वस्त्या कशा बसतात, हें सहज समजतें. परंतु मूळचीं माणसें निघून गेल्यावर वस्तीचें काय उरतें, आणि जाणारीं माणसें आपल्याबरोबर काय नेतात, हा प्रश्न अधिक अवघड आहे. इस्रायल मोहल्ल्याच्या इतिहासांत ह्या प्रश्नाचें एक उत्तर सांपडतें.

ह्या लोकांना बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची संतति, असें म्हणतात. त्यांची परंपरा अशी कीं, प्राचीन काळीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या आणि बाकीच्यांचीं प्रेतें नवगांव येथें पुरण्यांत आलीं. त्यांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनीं १८९७ सालीं लिहिलेला व १९३७ सालीं तेल अवीव येथें छापलेला जो ग्रंथ आहे, त्यांत ह्या घटनेचा काळ इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांत धरला आहे. इतक्या जुन्या काळाचा लेखी पुरावा नाहीं. मात्र आनुवंशिकतेच्या शास्त्रानें अलीकडे जी तपासणी केली, तींत ह्या समाजाच्या वंशांत मध्यपूर्वेकडील व हिंदुस्थानांतील असे दोन्ही अंश आढळले. येवढ्यावरून परंपरेचा सारा तपशील सिद्ध होतो असें नव्हे. पण तिचा गाभा पोकळ नाहीं, येवढें खास.

कोंकणांत ह्या लोकांनीं तेलाचे घाणे चालविले. शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागले. हिब्रू भाषा ते विसरले. शनिवारची विश्रांति, आठव्या दिवशीं मुलाची सुंता, पर व खवले नसलेला मासा न खाणें आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना, येवढा धर्म त्यांच्याजवळ शिल्लक राहिला. ज्या गांवीं राहिले, त्या गांवावरून आडनांवें पडलीं : किहीमचे केहिमकर, दिवे आगरचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. सॅम्युएलचा सामाजी झाला व एझेकिएलचा हसाजी झाला. सणांनाहि मराठी नांवें मिळालीं. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा, दारें लावून घेण्याचा दिवस तो ‘दरफाळणीचा सण’. फाल्गुनाच्या सुमारास येणारा पुरीम तो ‘होळीचा सण’. आणि जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस तो ‘बिरड्याचा सण’. मांस व दूध एकत्र करण्यास त्यांच्या धर्मांत मनाई आहे. कोंकणी गृहिणीनें गाईच्या दुधाच्या जागीं नारळाचें दूध घालून हा प्रश्न सोडविला. नवस फेडण्यासाठीं एलीया पैगंबराच्या नांवानें गोड पोहे, खोबरें व फळें यांचा ‘मलिदा’ करण्याची त्यांची रीत तर यहुदी जगांत दुसरीकडे कोठेंच नाहीं.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून हीं कुटुंबें मुंबईस येऊं लागलीं. ईस्ट इंडिया कंपनीला शिपाई हवे होते व बेने इस्रायल तरुण फौजेंत भरती होऊन सुभेदारीपर्यंत चढत. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, हा असाच एक अंमलदार होता. १७८० ते १७८४ ह्या काळांत इंग्रज व म्हैसूर यांच्यांत जें दुसरें युद्ध झालें, त्यांत तो टिपूच्या हातीं सांपडला. कैद्यांची जात विचारली असतां त्यानें ‘बेने इस्रायल’ असें सांगितलें. हें नांव कुराणांत आहे हें ओळखून टिपूच्या आईनें त्याच्यासाठीं रदबदली केली, अशी कथा समाजांत सांगतात. सुटका झाल्यावर त्यानें केलेला नवस म्हणजे १७९६ सालचें हें मंदिर. त्याचें हिब्रू नांव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचें द्वार. पुढें १८६० सालीं तें हल्लींच्या जागेंत आलें. १८४० च्या दशकांत डोंगरीच्या टनटनपुरा रस्त्यावर दुसरें मंदिर झालें, तेव्हां पहिल्याला ‘जुनी मशीद’ व दुसऱ्याला ‘नवी मशीद’ म्हणूं लागले.

मोहल्ल्याच्या भरभराटीचा काळ एकोणिसाव्या शतकाचा. कोंकणांत विस्मृतींत गेलेला धर्म ह्या लोकांनीं येथें पुन्हा शिकून घेतला आणि तो बव्हंशीं मराठींतून शिकून घेतला, ही ह्या काळाची विशेष गोष्ट आहे. कोचीनचे यहुदी उपाध्याय मंदिरांत येऊन त्यांना विधि शिकवीत. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं १८३२ सालीं मराठींत हिब्रूचें व्याकरण छापलें. मिशनऱ्यांचा हेतु धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनीं त्यांच्यापासून भाषा घेतली व धर्म मात्र आपलाच ठेविला. १८४६ सालीं मुंबईंत शिळाछापावर ‘हग्गादा’, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीं घरोघर वाचावयाची पोथी, मराठी भाषांतरासह निघाली. १८७४ सालीं पुण्यास छापलेल्या अशाच एका पोथींतील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडीं नेसलेल्या आहेत. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनीं प्रार्थनाग्रंथांचीं मराठी भाषांतरें केलीं. केहिमकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७५ सालीं समाजाची शाळा काढली, तीच पुढें माझगांवांत सर एली कदूरी यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली. १८८० च्या सुमारास तर बेने इस्रायल कीर्तनकार उभे राहिले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें ते हरिदासी थाटानें, साकी-दिंडीच्या चालींवर रंगवीत. दुसऱ्या देशांतील यहुदी माणसाला हा प्रकार अजब वाटला असता. मराठी श्रोत्याला मात्र त्यांत नवें होतें तें कथेंतील माणसांचीं नांवें येवढेंच.

ह्याच शतकाच्या उत्तरार्धांत मोहल्ल्याचें रूप पालटूं लागलें. १८८० सालीं प्रिन्सेस डॉक व १८८८ सालीं व्हिक्टोरिया डॉक सुरू झाली. धक्के हाकेच्या अंतरावर आल्यामुळें मांडवींतील प्रत्येक हात जागेला वखारीचें मोल आलें. नंतर १८९६ च्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं ह्याच मांडवी भागांत गांठीच्या तापाचे रोगी ओळखले. शहरांतून लाखों लोक पळाले. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सुधारणा मंडळानें दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले व उत्तरेकडे नव्या चाळी बांधल्या. फौजेंतील नोकरी मागें पडून बेने इस्रायल आतां रेल्वेंत, टपालखात्यांत, गोदींत व गिरण्यांत काम करूं लागले होते. त्यांची वस्ती भायखळा, माझगांव, आग्रीपाडा, जेकब सर्कल इकडे सरकली. मंदिरेंहि पाठोपाठ गेलीं : ठाण्यास १८७९ सालींच एक झालें होतें, आग्रीपाड्याच्या बाजूस ‘मागेन हसीदीम’ १९३१ सालीं उभें राहिलें. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत दारूगोळ्यानें भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, तेव्हां मांडवीचा परिसर आगींत होरपळला. मोहल्ल्याचें मूळ कुटुंबस्वरूप तोंपर्यंत बरेंच ओसरलेलें होतें. पहिलें स्थलांतर असें, कोणी न हांकलतां, चांगल्या घराच्या व बऱ्या नोकरीच्या ओढीनें झालें.

मोहल्ला सुटला तरी शहर सुटलें नव्हतें. डॉ. एलायजा मोझेस १९३७-३८ सालीं मुंबईचे महापौर झाले. वरळीकडे जाणारा एक मोठा रस्ता त्यांच्या नांवानें ओळखला जातो. डॉ. जेरुशा झिराड यांनीं कामा इस्पितळांत स्त्रियांच्या वैद्यकसेवेंत हयात घालविली व १९६६ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बूट पॉलिश’ ह्या १९५४ च्या चित्रपटांतील जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, हे आडनांवानें चेऊलकर होते. इंग्रजी कवि निस्सीम एझेकिएल हेहि ह्याच समाजांतले. इतर देशांत यहुदी म्हणून जो छळ झाला, तसा ह्या लोकांच्या वांट्यास महाराष्ट्रांत आला नाहीं, असें ते स्वतःच अभिमानानें सांगत आले आहेत.

म्हणूनच दुसरें स्थलांतर विचार करण्याजोगें आहे. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र स्थापन झालें आणि हजारों कुटुंबांनीं मुंबई सोडली. छळ नव्हता, धर्माची ओढ होती, नातलगांचा आग्रह होता, बदलत्या काळांत नोकरीची चिंताहि होती. १९५१ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २६ हजार यहुदी होते. २०११ मध्यें ते पांच हजारांच्या आंत आले. जे गेले, त्यांपैकीं पुष्कळांना दिमोना, बीरशेबा, लोद, अश्दोद अशा गांवीं घरें मिळालीं. तेथें त्यांना जो अनुभव आला, तो कोंकणांतहि आला नव्हता. हे खरे यहुदी कशावरून, अशी शंका धर्मपीठानें काढली. १९६१-६२ च्या सुमारास त्यांच्या विवाहापूर्वीं वंशाची चौकशी करण्याचे आदेश निघाले. ह्या लोकांनीं सभा घेतल्या, निदर्शनें केलीं, धरणें धरलें. अखेर १९६४ सालीं तेथील सरकारनें व लोकसभेनें ते सर्व दृष्टींनीं पूर्ण यहुदी आहेत, असें जाहीर केलें. कोंकणांत ज्यांची ओळख शनवार पाळण्यानें झाली, त्यांनाच शनवार पाळणाऱ्यांच्या देशांत आपलें यहुदीपण सिद्ध करावें लागलें.

मग त्या देशांत त्यांना वेगळेपण कशानें आलें? मराठीनें. तेथें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक निघालें, महाराष्ट्र दिन साजरा होऊं लागला, लग्नाआधीं मेंदीचा सोहळा होऊं लागला आणि मलिद्याचें ताटहि मांडलें जाऊं लागलें. पूर्वजांनीं किनाऱ्यावर उतरल्यावर जी भाषा शेजाऱ्यांकडून उसनी घेतली, तीच वंशजांनीं समुद्रापलीकडे आपली म्हणून नेली. नातवंडांच्या तोंडीं मात्र तिकडे हिब्रू आहे. कोंकणांत हिब्रू जशी विसरली गेली, तशीच मराठी तिकडे विसरली जाण्याचा संभव आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

इकडे मोहल्ल्यांत आतां वखारी आहेत, मसाल्याचे व सुक्या मेव्याचे व्यापारी आहेत, हातगाड्या ओढणारे हमाल आहेत. ठाणें व मुंबईचीं उपनगरें येथें ह्या समाजाचीं शिल्लक कुटुंबें राहतात. २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें यहुदी समाजाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. जुनी मशीद जागेवर उभी आहे. मध्यभागीं पोथी वाचण्याचा चौथरा, वर स्त्रियांचा सज्जा आणि जेरुसलेमच्या, म्हणजे पश्चिमेच्या, दिशेस पवित्र ग्रंथांची कोनाड्यांतील पेटी, अशी तिची रचना आहे. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, असा यहुदी धर्माचा नियम आहे. ज्या गल्लींत एके काळीं उभें राहण्यास जागा अपुरी पडे, तेथें हे दहा जमविणें हीच आतां चिंतेची बाब झाली आहे.

न्यूयॉर्कच्या मलबेरी स्ट्रीटवर इटालियन घरें थोडींच उरलीं, तरी १९२६ सालीं सुरू झालेला संत जेनारोचा उत्सव दर सप्टेंबरांत भरतो आणि दूरवर गेलेलीं कुटुंबें त्या निमित्तानें परत येतात. इस्रायल मोहल्ल्याच्या वांट्यास असा गजबजाट नाहीं. त्याच्या वांट्यास एक मंदिर, एका रस्त्याचें नांव आणि रेल्वेच्या पाटीवरील एक शब्द आला आहे. त्या पाटीखालून रोज हजारों माणसें जातात. हा शब्द कोंकणांतील तेल्यांनीं, मुंबईंत येऊन सुभेदार व कारकून झालेल्या माणसांनीं, आपल्या देवाच्या घरासाठीं शेजाऱ्यांकडून घेतला होता, हें त्यांतील थोड्यांना जरी कळलें, तरी गेलेल्या माणसांची आठवण त्या गल्लींत राहील.