सम्राटाची करंगळी

सम्राट पांचवा चार्ल्स याचे सांधे वातरक्तानें, म्हणजे गाऊटनें, इतके जखडले होते कीं, १५५६ सालीं स्पेनचें राज्य सोडल्यावर त्यास यूस्तेच्या मठाकडे डोलींतून न्यावें लागलें. मांस व बीअर मात्र त्याच्यानें सुटलीं नाहींत! १५५८ सालीं तो वारला. त्याच्या करंगळीचें एक पेर एस्कोरियल येथें जपलेलें होतें. तें स्पॅनिश संशोधकांनीं तपासलें. निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाले. वातरक्त बहुधा प्रथम पायाचा अंगठा धरतें. येथें क्ष-किरणचित्रांत करंगळीच्या टोकाचा सांधा पोखरलेला दिसला. पण हाड इतर रोगही पोखरतात. सूक्ष्मदर्शकाखालीं युरेटचे सुईसारखे स्फटिक सांपडले, तेव्हांच दरबारी वैद्यांचें निदान निःसंशय ठरलें. आज दोन निरनिराळ्या शक्तींच्या क्ष-किरणांनीं घेतलेलें सीटी-चित्र जिवंत रोग्याच्या मणक्यांत दडलेलें युरेटही वेगळ्या रंगांत दाखवूं शकतें.