टाकीतला गॅस जुना आहे, मंडळी

पावसाळ्यात संडासची टाकी तुंबली की "झाकण काढू, आत उतरू, घरच्या घरी साफ करू" असं आपल्या बोरी बुद्रुकलाही कुणी सहज म्हणून जातं. त्याआधी हा इतिहास वाचा.

१८९५ च्या सुमारास इंग्लंडात एक्सेटरला डोनाल्ड कॅमेरॉनने मैल्याची बंद टाकी बांधली, नाव दिलं 'सेप्टिक टँक'. दोनच वर्षांत, १८९७ ला, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात अशा टाकीवरचा गॅस गोळा करून वापरात आणला. पुढं आपल्याच जिल्ह्यात देहूला डॉ. मापुसकरांनी संडासला जोडून बायोगॅस उभे केले. २०१७ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

म्हणजे टाकीत गॅस होतो हे सव्वाशे वर्षं माहीत आहे. त्यातला मिथेन चुलीला चालतो, पण सोबत हायड्रोजन सल्फाइडही असतो. तो जास्त झाला की नाकाला वास कळायचा बंद होतो आणि माणूस जागेवर कोसळतो. वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

म्हणून दुरुस्ती बाहेरूनच करा. आधी शोषखड्डा बघा, काळ्या रानात पाणी मुरत नाही, दोष बहुतेकदा तिथंच. मग पाईप, हवेच्या नळीची जाळी, झाकण. झाकणापाशी विडी-काडी नको. गाळ काढायला उपशाची गाडी बोलवा. साधनांशिवाय मजुराला आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. स्वतःही उतरू नका, पोराला तर नकोच.