किलवरच्या पानावरचा सोटा

किलवरच्या पत्त्यावर तीन दलांचं पान असतं. इंग्रज त्याला 'क्लब' म्हणतो, आणि क्लब म्हणजे सोटा. इस्पिकवर दिसतं भाल्याचं टोक. त्याचं नाव 'स्पेड', म्हणजे शाळेत पाठ केलेल्या अर्थाने फावडं. चित्र एक, नाव भलतंच. याचा छडा लावायला निघालं की थेट इजिप्तच्या सुलतानांच्या दारात जावं लागतं.

युरोपात पत्ते पोचले चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1377 साली फ्लॉरेन्सने पत्त्यांवर निर्बंध घातले, म्हणजे तोवर हे खूळ चांगलंच बोकाळलं असणार. ते आलं इजिप्तच्या मामलुक राजवटीतून. त्या धाटणीचा एक कॅट इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात होता. 1931 साली लिओ मायर या अभ्यासकाला तो सापडला. त्यावर चार चिन्हं आहेत: प्याले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. राजाराणीची चित्रं नाहीत, नुसते हुद्दे लिहिलेत: मलिक, नायब मलिक, दुसरा नायब. आपल्या नायब तहसीलदारातला नायब तो हाच. स्पॅनिश माणूस पत्त्यांना 'नाइपेस' म्हणतो, तेही या नायबावरूनच आलं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

इटली-स्पेनच्या लोकांनी तलवारी ओळखल्या, पण पोलो त्यांना ठाऊक नव्हता. त्यांनी त्या काठ्यांचे सरळ सोटे केले. पुढे पंधराव्या शतकात फ्रेंचांनी सगळीच चिन्हं सोपी केली. बदाम, चौकट, भाल्याचं टोक आणि तीन दलांचं पान हे आकार साच्यातून लाल-काळ्या रंगात भराभर उमटवता येत, म्हणून पत्ते स्वस्त झाले आणि हे आकार जगभर गेले. इंग्लंडला पत्ते पुरवले ते फ्रान्समधल्या रूआँच्या कारागिरांनी. इंग्रजांनी चित्रं फ्रेंचांची घेतली, पण दोन चिन्हांना नावं दक्षिणेकडच्या जुन्या कॅटांचीच ठेवली. म्हणून पानाला सोटा म्हणायचं आणि भाल्याला 'स्पेड', म्हणजे फावडं नव्हे, इटालियन-स्पॅनिश तलवार. आपण मराठीत या बाबतीत जास्त चोख. चौकटीला हिरा न म्हणता चौकटच म्हणतो, आणि ज्यात इंग्रजाला काळीज दिसतं त्यात आपल्याला सरळ बदाम दिसतो.

'कॉल अ स्पेड अ स्पेड' या वाक्प्रचाराचा मात्र पत्त्यांशी काडीचा संबंध नाही. प्लुटार्कच्या मूळ ग्रीक म्हणीत काथवटीला काथवट म्हणणारी रोखठोक माणसं आहेत. इरॅस्मसने लॅटिन करताना काथवटीचं खणायचं अवजार केलं, 1542 साली निकोलस युडलने त्याचं इंग्रजी फावडं केलं, आणि एका भाषांतरकाराची चूक स्पष्टवक्तेपणाची खूण होऊन बसली.

इंग्रजीत राजा-राणीनंतर येतो तो 'नेव्ह'. या शब्दाचा मूळ अर्थ पोरगा. जर्मन 'क्नाब' त्याचाच भाऊबंद. पोरगा म्हणजे घरचं हरकाम्या पोर, पोर म्हणजे नोकर, आणि नोकर म्हणजे लबाड, अशा पायऱ्या उतरत हा शब्द शिवी झाला. आपला 'गुलाम' याच वाटेने आलाय, कारण अरबीत गुलाम म्हणजे आधी मुलगा, मग सेवक. याच पत्त्याचं 'जॅक' हे नाव 'ऑल फोर्स' या खेळातलं, आणि तो खेळ खालच्या वर्गाचा समजला जाई. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' या कादंबरीत गरीब घरचा पिप नेव्हला जॅक म्हणतो, तेव्हा एस्टेला त्याची टर उडवते. एका पत्त्याच्या नावावरून पोराची पायरी ठरते. ती कादंबरी आली 1860-61 मध्ये. त्यानंतर काही वर्षांतच पत्त्यांच्या कोपऱ्यात अक्षरं छापायची सोय झाली, तेव्हा राजाचा 'के' आणि नेव्हचा 'केएन' यांत घोटाळा होऊ लागला आणि छापणाऱ्यांनी 'जे' उचलला. पिपचीच सरशी झाली.

आपण ज्याला हुकूम म्हणतो तो 'ट्रम्प' मुळात 'ट्रायंफ', विजय. पंधराव्या शतकात इटलीत 'त्रियोंफी' नावाचे पत्ते खेळत. तिथून तो आला. 1529 च्या नाताळात ह्यू लॅटिमर नावाच्या धर्मोपदेशकाने केंब्रिजमध्ये पत्त्यांचाच दाखला देऊन प्रवचन केलं आणि बदाम हुकूम ठरवला. त्या खेळाला त्याने नाव दिलं होतं 'ट्रायंफ'.

एक्क्याचं नशीब सगळ्यांत विलक्षण. 'एस' हा शब्द लॅटिन 'आस' वरून आला. ते रोमनांचं नाणं, आणि एकक. जुन्या इंग्रजीत फाशावरच्या एकाला एस म्हणत, आणि दोन्ही फाशांवर एक पडला की ते दुर्दैव. तेच एक पत्त्यांत राजाच्याही डोक्यावर बसलं. फ्रेंच राज्यक्रांतीने राजाला खाली ओढलं म्हणून एक्का वर गेला, ही कथा ऐकायला छान आहे. पण हॉइल या लेखकाचं व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळावरचं पुस्तक 1742 चं आणि व्हिस्टमध्ये एक्का तेव्हाही वरच होता. पहिल्या महायुद्धात शत्रूची पाच विमानं पाडणाऱ्या वैमानिकाला फ्रेंच लोक 'आस' म्हणू लागले, आणि इंग्रजांनी तो अर्थही उचलला. टेनिसमध्ये ज्या सर्व्हिसला प्रतिस्पर्ध्याची रॅकेट लागतच नाही ती एस, हे आपण दर विम्बल्डनला ऐकतोच.

पण इस्पिकचा एक्का एकदा खरोखर माणसाच्या जिवावर उठला. इंग्लंडमध्ये ॲन राणीच्या काळी पत्त्यांवर कर बसला. 1765 पासून इस्पिकचा एक्का सरकारी स्टॅम्प कचेरीच छापू लागली. तो पत्ता हीच कर भरल्याची पावती. कर चुकवायचा तर खोटा एक्का छापायचा, आणि त्याला शिक्षा फाशी. 1805 साली रिचर्ड हार्डिंग याच गुन्ह्यासाठी फासावर गेला. 1828 मध्ये नक्कल अवघड जावी म्हणून एक्क्यावर इतकी नक्षी भरली की लोकांनी त्याला 'ओल्ड फ्रिझल' असं नाव ठेवलं. 1862 पासून एक्का छापायची मुभा पुन्हा पत्ते छापणाऱ्यांना मिळाली, पण त्यांनी नक्षी सोडली नाही. सरकारी मोहोर होती तिथे आपलं नाव घातलं. कर 1960 मध्ये रद्द झाला. घरी पत्त्यांचा कॅट असेल तर इस्पिकचा एक्का काढून बघा: बाकीचे तिन्ही एक्के साधे असतात, नक्षी आणि कंपनीचं नाव बहुधा त्याच्यावरच सापडेल.